बाटलीतली काकवी

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा कंटाळा अजून गेलेला नसतो, तोवर एखाद्या दुपारी गच्चीवरचे कपडे काढायला जावं आणि वाऱ्याबरोबर तो वास यावा. आधी नुसता धूर वाटतो. मग त्या धुरातून गोडसर, किंचित करपलेला, घशाला चिकटणारा वास येतो आणि कळतं की नदीपलीकडची गुऱ्हाळं पेटली. शाहूपुरीत आमच्या गल्लीत तो दोन्हीकडून येतो. शिवारातून कढत्या रसाचा आणि बाजारातून गुळाच्या ढेपांचा. गाड्यांमागून गाड्या येतात, रस्त्यावर चुरा सांडतो, मुंग्या आणि गांधीलमाश्यांची चंगळ होते. माझ्या वर्गातल्या मुली या दिवसांत चिकट हातांनी वह्या देतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. ओरडून झालं की त्याच वह्या नाकाशी धरते.

लोकांना या वासानं भूक लागते. मला रडू येतं. आता वयानं चाळिशी ओलांडली, लाज वाटून घेण्याचे दिवस गेले, म्हणून सरळ सांगते.

गुऱ्हाळाचे दिवस तसे कोल्हापूरकराच्या मिरवण्याचे. बाहेरचा माणूस नुसता बांधावरून चालला असला तरी आतून हाळी येते, "ओ पावणं, रस पिऊन जावा की." पैशाचं नाव काढलं तर शिव्या खायच्या. माझ्या मामाचं गुऱ्हाळ राधानगरीच्या वाटेवर, नदीकाठच्या आमच्या आजोळी होतं. अजूनही आहे, आता मामेभाऊ बघतो. आत गेलं की अंधार, वाफ आणि मध्ये ती भलीमोठी काहील. खाली चुलवणात चिपाडं धडधडत असतात. वर रस उकळतो, मळी वर येते, ती काढून टाकतात. मग रसाचा रंग बदलत जातो, बुडबुडे जड होतात आणि गुळव्या डोळे बारीक करून बघत राहतो. गूळ होण्याच्या जरा अलीकडे तो हात वर करायचा आणि मामा डबा पुढे करायचा. त्या डब्यात पडायची ती काकवी. लालसर सोनेरी, उन्हात धरली तर आरपार दिसणारी. तापलेल्या शाळूच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि त्यावर ही ओतायची. याहून चांगलं काही मी आयुष्यात खाल्लेलं नाही, आणि माझ्या दादानंही नाही.

काकवी ओतताना तिची तार तुटत नाही. भांडं सरळ केलं तरी ती लोंबत राहते. ती बोटानं तोडायची आणि बोट चाटायचं. आमच्याकडे लहानथोर सगळे असंच करत आले. ते बोट न चाटता धुताना मी एकाच बाईला पाहिलं. ती माझी आई.

दादा अमेरिकेला गेला तो याच दिवसांत. साठच्या दशकातली गोष्ट. गल्लीतून परदेशी जाणारा तो पहिलाच, त्यामुळे निरोपाला एवढी माणसं जमली होती की त्याला निरोप घ्यायलाच वेळ उरला नाही. मामानं पहाटे ताजी काकवी पाठवली होती. आईनं भाकरी थापली, ताट वाढलं. दादानं एक घास मोडला, दुसरा काकवीत बुडवला, आणि खालून आरोळी आली की टांगा आलाय, रेल्वे चुकेल. तो तसाच उठला. आईच्या पाया पडताना त्याच्या बोटांना काकवी होती, ती तिच्या पायाला लागली. टांगा वळून दिसेनासा झाला तेव्हा आई आत आली आणि त्या ताटासमोर बसली. आम्हाला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "आता काकवी सोडली मी. त्यो परत यील, त्याच्या हातनं खाईन."

आमच्यात एखादी वस्तू सोडायची रीत आहे. काशीला जाऊन आलं की सोडतात, कुणाच्या जिवासाठी सोडतात. त्यातही लोक हुशारी करतात. आमच्या आत्यानं काशीहून आल्यावर पडवळ सोडलं, जे तिला जन्मात कधी गिळवलं नव्हतं, आणि वर पाच बायकांत सांगत फिरायची. आई तिची नक्कल करून आम्हाला हसवायची. तिचं म्हणणं, सोडायचं तर ज्यावाचून जीव कासावीस होतो तेच सोडावं, आणि ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगू नये. सांगितलं की ते त्याच्या गळ्यात धोंड बांधल्यासारखं होतं. म्हणून दादाला कुणी काही कळवायचं नाही, असा तिचा दंडक होता. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे सगळं खुळेपणाचं वाटायचं. ते कचेरीतले कारकून, नियमाबाहेरची गोष्ट त्यांना पटत नसे. पण दंडक त्यांनीही पाळला.

मग हंगामामागून हंगाम गेले. मामाचा डबा येत राहिला. आई तो उघडायची, वास घेऊन बरी की आंबलेली ते सांगायची, आम्हाला वाढायची, तार बोटानं तोडायची आणि मोरीवर जाऊन बोट धुवायची. मी ते इतक्या वेळा पाहिलं की पुढे मला काकवी खाताना त्या तांब्यातल्या पाण्याचा आवाज ऐकू यायचा.

दादाची पत्रं यायची. आबा कचेरीतून आले की चहा पिऊन, चष्मा पुसून ती मोठ्यानं वाचायचे. आई निवडण्याचं ताट घेऊन जवळ बसायची. तिला तिथल्या थंडीचं, नोकरीचं काही पडलेलं नसायचं. ती विचारायची, खातो काय ते वाचा. आणि दादाही तेच लिहायचा. माझा भाऊ इंजिनिअर झाला होता खरा, पण पत्रांत त्याचं अर्धं पान किराणा मालानं भरलेलं असायचं.

त्याच्या गावातलं दुकान म्हणे आपल्या बिंदू चौकाएवढं. आत गेलं की चाकांची गाडी घ्यायची, आपणच ढकलायची, आपणच माल उचलायचा. या की, बसा की, काय देऊ, असं विचारणारं कुणी नाही. शेकडो माणसं सामान घेत असतात आणि आवाज मात्र देवळात नसेल एवढा कमी. मिरच्या फुगलेल्या आणि तिखटाचा पत्ता नाही. आई म्हणाली, ढबू असंल ती. दह्यात साखर आणि फळं घालून विकतात, हे ऐकून तिनं ते आजारी माणसांचं गाव आहे काय, असं विचारलं. मोहरी औषधासारखी चिमूटभर बाटलीत मिळते. शेंगदाण्याचं लोणी मिळतं, त्यात त्यानं लसूण आणि लाल तिखट कालवून चटणी करून बघितली आणि ती टाळूला अशी चिकटली की तासभर त्याला बोलता आलं नाही. आम्ही हसून हसून लोळलो. आई हसली नाही. दर पत्राच्या शेवटी यायचंच, की काकवी काही कुठं दिसत नाही. दादानं एकदा लिहिलं होतं, आठवडाभर मी शनिवारची वाट बघतो आणि शनिवारी त्या दुकानातून हिंडून आलो की उगाच उदास होतो.

आबांनी ते वाक्य वाचून पत्र खाली ठेवलं. मी म्हटलं, बिचाऱ्याला साधी काकवी मिळू नये. त्यावर आई ताटातले खडे वेचत म्हणाली, "मिळत न्हाय तेच बरं हाय. समदं तिथंच मिळालं तर यायचा कशाला?"

तेव्हा मला कळलं की तिचा सगळा भरवसा कशावर होता. तिच्या हिशेबी पोरगं पगारासाठी गेलं होतं आणि जिभेसाठी परत येणार होतं. अमेरिकेजवळ मोठमोठी दुकानं असतील, रस्ते असतील, पण काकवी नव्हती, आणि ही तिच्या बाजूची जमेची गोष्ट होती. ती दुसऱ्या कुणाशी भांडत नव्हती, एका देशाशी भांडत होती, आणि तिच्या हातात एवढाच एक डबा होता.

मग त्या इंग्रजाचं पत्र आलं. म्हणजे इंग्रजाविषयीचं. दादाच्या शेजारी त्याच्याच कारखान्यातला एक इंग्रज राहायला आला होता. दादाला वाटलं, भाषा एक, रंग एक, देव एक, हा इथं मजेत असेल. पण हा बाबा शनिवारी त्याच दुकानात त्याच्यासारखाच तोंड पाडून गाडी ढकलताना दिसला. त्याला त्याच्या पद्धतीचा चहा मिळत नव्हता. चहात बुडवली की नेमकी हवी तेवढीच मऊ होतात ती बिस्किटं मिळत नव्हती. संत्र्याचा कडसर मुरंबा मिळत होता, पण त्यात कडूपणा नव्हता. आणि त्याची आई थंडीत कसल्याशा उकडलेल्या गोड पदार्थावर एक काळा पाक ओतायची, तो तर कुठेच नव्हता. आबांनी बेचाळीस साली लाठ्या खाल्लेल्या. ते वाचता वाचता थांबले आणि हसायला लागले. एवढं राज्य केलं आणि आता बिस्किटांसाठी वणवण फिरतोय, म्हणाले. त्यांना खूप वर्षांनी काहीतरी मिटल्यासारखं वाटलं असावं.

आई मात्र म्हणाली, "त्यालाबी आई असंलच की."

आबांचं हसू तिथंच थांबलं.

ते दोघं मग दर शनिवारी बरोबर जाऊ लागले. हा काकवी शोधायचा, तो त्याचा काळा पाक. दोघांनी त्या दुकानाच्या सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. शेवटी तिथल्या एका कामगार बाईनं दोघांना एकाच फळीपाशी नेलं आणि एकच बाटली दोघांना दाखवली. मोलॅसिस म्हणतात त्याला तिकडे. उसाचाच, काळा, दाट. दोघांनी एकेक बाटली घेतली, घरी येऊन पावावर घालून खाल्ली. इंग्रज म्हणाला, जवळजवळ तसंच. दादानं लिहिलं, आई, तू आता काळजी करू नकोस, इथं मला जवळजवळ काकवी मिळाली.

आईनं विचारलं, काय मिळालं म्हणतोय? आबांनी ती ओळ पुन्हा वाचली. ती ताट घेऊन उठली आणि आत गेली. पुढचं पत्र तिनं ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात ती बारीक होत गेली, जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. मी त्या दुखण्याचा दोष बाटलीला देत नाही, एवढी काही मी खुळी नाही. पण दोन्ही गोष्टी मला एकत्रच आठवतात.

पुढच्या हंगामात दादा आला. नाताळची सुट्टी जोडून, थोड्या दिवसांसाठी. गोरा झाला होता, केस कमी झाले होते, पण दारातून आत येताना चौकट चुकवायला मान वाकवायची सवय तीच होती. आईनं त्याला बघितलं आणि तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. मामानं काकवी आणून दिली होती, ती तिनं पितळेच्या वाटीत काढली. भाकरी थापली. दादाला पाटावर बसवलं, उरलेल्या भाकऱ्या माझ्यावर सोपवल्या आणि स्वतः समोर बसली. नवी साडी नेसली होती. काहीही न सांगता ती वाट बघत होती की तो पहिला घास मोडेल, आणि ती म्हणेल, मलाबी दे की रं एक. आबा दारात उभे होते. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले होते.

दादानं ताटाकडे बघितलं आणि एकदम आठवल्यासारखा उठला. थांब आई, म्हणाला, एक गंमत आणलीय. बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली ती बाटली काढली. त्यानं ती इतक्या लांबून, इतकी सांभाळून आणली होती. झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ते काळं ओतलं आणि कुणी काही बोलायच्या आत आपल्या हातानं आईला भरवला.

"बघ," म्हणाला. "अगदी हीच हाय का न्हाय?"

मी नंतर ते चाखलं, म्हणून सांगते. कडू होतं. लोखंडाच्या कढईत गूळ करपवावा आणि त्यात औषध घालावं, तसं काहीतरी. आईनं तोंड मिटलं. तिच्या गळ्याची शीर हलली. इतक्या वर्षांचं सोडलेलं तिनं गिळलं, आणि ज्याच्या हातनं गिळायचं होतं त्याच्याच हातनं. मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"गोड हाय रं," ती म्हणाली. "आपल्यासारखीच हाय."

दादाचा चेहरा उजळला. मग त्याला धीर आला आणि त्यानं खरी गोष्ट सांगितली, की तिथं घर घेतलंय. चांगलं, लाकडी, मागं अंगण आहे. आई म्हणाली, बरं केलंस. आबा दारातून निघून गॅलरीत गेले. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा मला माझं भान आलं.

तो गेल्यावर मामा डबा घेऊन आला. नवस तर फिटला, आता खा, म्हणाला. आईनं डबा माझ्याकडे सरकवला. मामा रागावला. तो रागीटच होता, त्यात बहिणीवर जीव. तेव्हा आई त्याला म्हणाली, "ज्याच्यासाठी सोडली त्यो आला न्हाय आप्पा. भेटून गेला नुसता."

आणि ती ती बाटली खायला लागली. रोज सकाळी, शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर थोडं थोडं. खाताना तिचं तोंड वाकडं व्हायचं आणि ती खिडकीकडे तोंड करून खायची. आबांनी एकदा बाटली फेकून देतो म्हणून उचलली, तर तिनं हातातून काढून घेतली. त्यो तिथं हेच खातोय न्हवं, मग मलाबी सवय पायजे, एवढंच म्हणाली. तार त्या काळ्या पाकालाही यायची. ती बोटानं तोडायची आणि बोट चाटायची. मोरीवर गेली नाही.

उन्हाळ्यात आई गेली. बाटलीत तळाला थोडं राहिलं होतं. दादाला तार केली, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा तो चार दिवस राहून परत गेला, कुणाशी धड बोललाही नाही. पुन्हा आला तो गुऱ्हाळं पेटल्यावर. मला म्हणाला, सुमे, मामाकडं जाऊया.

आम्ही एसटीनं गेलो. उतरून बांधानं चालताना वास आला तसा तो मध्येच थांबला. ऊस तोडलेल्या रानात बगळे बसले होते. तो तिकडे बघत म्हणाला, "त्या बाटलीतलं असलं नसतंय गं. कडू असतंय ते. मी एकदाच खाल्लं, परत बाटली उघडली न्हाय. आई सारखी झुरती म्हणून सांगितलं, मिळतंय म्हणून. तिला पटावं म्हणून बाटली आणली."

मग मी त्याला सगळं सांगितलं. टांग्याच्या दिवसापासून. सोडलेलं, धुतलेलं बोट, खिडकीकडे तोंड करून संपवत आणलेली बाटली. आता दंडक कुणासाठी पाळायचा होता? तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग त्या दिवशी बोलली का न्हाय?"

"तू बोललास?" मी म्हटलं.

मी हे त्याला टोचून म्हटलं नव्हतं. मला खरंच तेवढंच सुचलं. मग आम्ही पुन्हा बांधानं चालायला लागलो.

मामानं आम्हाला बघितलं आणि त्याचे डोळे भरले. पण गुऱ्हाळात रडायला कुणाला सवड नसते. गुळव्यानं हात वर केला, काकवी निघाली. मामीनं दोन ताटल्यांत भाकऱ्या आणल्या, वर लोणी. आम्ही चिपाडाच्या ढिगाशेजारी बसलो. मामानं गरम काकवीचं भांडं दादाच्या हातात दिलं, घे, तूच वाढ म्हणाला, आणि काहिलीकडे वळला. दादानं माझ्या भाकरीवर ओतली. भरपूर ओतली, आई ओतायची तशी, कडेनं ओघळेपर्यंत. मग भांडं सरळ केलं. तार लोंबत राहिली. त्यानं ती बोटानं तोडली.

मी त्याच्या बोटाकडे बघत होते. त्यावर ती सोनेरी काकवी होती, अजून वाफ येत होती. मग त्यानं शेजारच्या बादलीतून तांब्या भरून घेतला, जरा बाजूला गेला आणि बोट धुतलं.